एक्स्टर्नल स्कझी ड्राइव्ह, मॅक प्लस आणि गिरगावातल्या काकांची पानं

तुमच्या घरी, ऑफिसात किंवा कुठल्या काकांच्या माळ्यावर जुन्या मॅकचा एक्स्टर्नल हार्ड ड्राइव्ह पडलेला असेल ना, तो जड डबा, मागे दोन रुंद कनेक्टर (यूएसबीच्या आधीच्या, स्कझी नावाच्या जोडणीचे) आणि एक पंखा, तर हे वाचून होईपर्यंत प्लीज त्याला प्लग लावू नका. बाकी सगळं सावकाश सांगतो, पण हे आधी.

झालं असं की आमच्या ओळखीच्या एका काकांचं गिरगावात वाडीत टाइपसेटिंगचं छोटं दुकान होतं. माणूस मूळचा खिळे जुळवणारा, शिशाचे खिळे केसमधून (खिळ्यांच्या खणांच्या पेटीतून) बघितल्याशिवाय उचलायचे असं त्यांच्याबरोबर काम केलेले लोक अजून सांगतात, आणि नंतर ऑफसेट आलं, डीटीपी (कॉम्प्युटरवर पानं लावणं) आलं तेव्हा न घाबरता मॅकवर बसले. सेकंडहँड घेतलेला मॅकिंटॉश प्लस आणि त्याच्या बुडाखाली बसणारा चपटा ४० एमबीचा ड्राइव्ह. लग्नपत्रिका, स्मरणिका, पतपेढीचे अहवाल, दिवाळी अंकांची पानं, सगळं ह्याच्यावर. पुढे वाडी रिडेव्हलपमेंटला गेली, दुकान बंद झालं आणि सामान मुलाच्या बोरिवलीच्या घरी माळ्यावर चढलं ते चढलंच. आता काकांना ती पानं बघायची होती. मुलाने मला फोन केला, मी गेलो, काका म्हणाले "अरे लाव की, काय होतंय, चालू होता तो बंद केला तेव्हा."

मी म्हटलं, काका, आधी कॉपी, मग लावू.

"तुझं आपलं काहीतरीच. कॉपी करायला पण लावायलाच लागेल ना?"

बरोबर आहे त्यांचं, पण कुठे लावायचा हा प्रश्न आहे आणि ह्या अख्ख्या पोस्टचा विषय तोच आहे. इतकी वर्षं बंद असलेल्या ड्राइव्हला कदाचित एकदाच फिरायची ताकद उरलेली असते. ते एक फिरणं मॅकचा डेस्कटॉप बघण्यात घालवायचं की सगळा डेटा उचलण्यात, हे आपण ठरवायचं. शिवाय मॅक बूट झाला की तो गप्प बसत नाही, डेस्कटॉप फाइल अपडेट करतो, इकडेतिकडे लिहितो. वाचायला आलेल्या डिस्कवर लिहिणं मला अजिबात पटत नाही.

मुंबईची हवा म्हणजे दमट आणि वरून खारट. पत्र्याला गंज, कनेक्टरच्या पिनांवर हिरवट थर, पॉवर सप्लायमधले कॅपॅसिटर फुगलेले. त्यामुळे डबा घरी आणल्यावर पहिलं काम म्हणजे उघडून सुकवणं, एका मोठ्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून, आणि ह्यात घाई करायची नाही, पावसाळ्यात तर नाहीच. मग कनेक्टर आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ.

दुसरी गोष्ट, डब्याच्या मागे एक छोटा लाल स्लाइड स्विच असतो, ११५ आणि २३०. अमेरिकेतून आलेल्या सामानात तो ११५ वर असतो आणि आपल्या भिंतीत २३० व्होल्ट आहेत, पुढचं सांगायला नको. काकांचा स्विच २३० वर होता आणि त्यावर सेलोटेपचा तुकडा, पिवळा पडलेला, कोणी साफसफाई करताना चुकून सरकवू नये म्हणून लावलेला. मॅकच्या मागचं लेबल पण वाचा, मॅक प्लसची अमेरिकन आवृत्ती १२० व्होल्टची असते, तिला स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागतोच.

आता कॉपी. मी ड्राइव्ह केसिंगमधून काढून एका जुन्या पेंटियम पीसीत लावला, त्यात अ‍ॅडॅप्टेकचं २९४० स्कझी कार्ड आहे. असं करण्यात मोठा फायदा म्हणजे जुन्या केसिंगचा पॉवर सप्लाय ह्या भानगडीत येतच नाही, पीसीच्या एसएमपीएसमधून (त्याच्या स्वतःच्या पॉवर सप्लायमधून) ५ आणि १२ व्होल्ट सरळ मिळतात. पन्नास पिनांची चपटी रिबन केबल, लाल पट्टी पिन १ च्या बाजूला. जुन्या ड्राइव्हवर खाच नसते बऱ्याचदा त्यामुळे केबल उलटी लागू शकते, आणि ज्यांनी हे स्टँडर्ड बनवलं त्यांनी ह्याचाही विचार केलेला दिसतो: टर्मिनेशनची पॉवर (टर्मिनेशन म्हणजे काय ते पुढे सांगतो) २६ नंबरच्या पिनवर आहे आणि केबल उलटी फिरवली की २६ च्या जागी २५ येते, ती २५ त्यांनी मोकळी सोडलीय. बाकी सगळ्या एकी आकड्यांच्या पिना ग्राउंड, फक्त ही एक नाही. मला असल्या गोष्टी बघितल्या की फार बरं वाटतं, कोणीतरी १९८६ च्या आधी टेबलावर बसून माझ्यासारख्या माणसाची काळजी केलेली असते.

कार्डच्या बायोसमध्ये (पीसी चालू होताना येणाऱ्या सेटिंगमध्ये) कंट्रोल-ए दाबून जायचं आणि ड्राइव्हच्या आयडीसाठी (म्हणजे केबलवरचा त्याचा नंबर) सिंक निगोशिएशन (वेग आपसात ठरवणं) बंद, कार्डचं पॅरिटी चेकिंग (डेटातली चूक पकडायची तपासणी) बंद, स्पीड सगळ्यात कमी. इतक्या जुन्या ड्राइव्हला नवीन कार्डचं बोलणं झेपत नाही, ते हळू केलं की तो उत्तर द्यायला लागतो.

पॉवर दिली तेव्हा ड्राइव्ह नुसता एक बारीक "टिक" करून थांबला. ह्याला स्टिक्शन म्हणतात. हेड डिस्कच्या पृष्ठभागावर टेकून राहतं, वरच्या वंगणामुळे तिथे चिकटतं आणि मोटरमध्ये ते सोडवायची ताकद नसते. (वेगळा एक आजार म्हणजे काही मॉडेल्समध्ये आतला रबराचा बंपर कालांतराने चिकट होतो आणि हेडचा आर्मच पकडून ठेवतो, पण तेव्हा मोटर व्यवस्थित फिरते, त्यामुळे आवाजावरून फरक कळतो.) उपाय असा की ड्राइव्ह हातात आडवा धरून, डिस्क ज्या पातळीत फिरते त्याच पातळीत मनगटाने एक झटपट पीळ द्यायचा. आपटायचा नाही, ठोकायचा नाही, फक्त पीळ. पॉवर चालू ठेवूनच दिला, आणि आधी खालच्या सुरात मग वर वर चढत जाणारी ती शिट्टी ऐकू आली आणि शेवटी हेड जागेवर गेल्याची खडखड. काका शेजारी खुर्चीत बसले होते, ते म्हणाले "हाच. हाच आवाज. सकाळी दुकान उघडलं की आधी हा आणि मग चहा."

लिनक्सवर डीडीरेस्क्यू (खराब डिस्कवरून कॉपी करायचा प्रोग्रॅम) चालवलं, आधी एक फेरा खराब जागा सोडून देत, मग सोडलेल्या जागांवर परत परत. ४० एमबी म्हणजे काही मिनिटांचं काम. शेवटी काही थोडे सेक्टर (डिस्कचे छोटे तुकडे) वाचले गेले नाहीत, पण बाकी पूर्ण डिस्क एका फाइलमध्ये आली.

पूर्ण डिस्क का, नुसत्या फाइल्स का नाही, हे जरा नीट सांगतो कारण इथे लोक खूप काही घालवून बसतात. जुन्या मॅकवर प्रत्येक फाइलला दोन भाग असतात, डेटा फोर्क आणि रिसोर्स फोर्क. अ‍ॅप्लिकेशन आणि फॉन्ट तर जवळजवळ अख्खे रिसोर्स फोर्कमध्येच असतात. ती फाइल सरळ पेनड्राइव्हवर टाकली की रिसोर्स फोर्क गळून पडतो आणि हातात राहते शून्य बाइटची फाइल. आणि सिस्टिम ६ मध्ये (मॅकची त्या काळची ऑपरेटिंग सिस्टिम) स्क्रीनवर दिसणारे फॉन्ट वेगळ्या फोल्डरमध्ये नसतातच, ते सिस्टिम नावाच्या फाइलच्या पोटात बसवलेले असतात, फॉन्ट/डीए मूव्हर नावाच्या प्रोग्रॅमने आत-बाहेर करायचे. म्हणजे तुम्ही शहाण्यासारखी सगळी डॉक्युमेंट्स उचलली आणि "ती सिस्टिम फोल्डर काय करायचीय" म्हणून सोडून दिली, तर मराठी फॉन्ट तिथेच राहिले. आणि त्या काळच्या मराठी मजकुराचं फॉन्टशिवाय काय होतं? युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला ठरलेला नंबर देणारं स्टँडर्ड, १९९१ सालचं, आणि ते आपल्या दुकानांपर्यंत पोचायला पुढे बरीच वर्षं गेली, त्याआधी प्रत्येकाचा फॉन्ट म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेले मराठी तुकडे. अर्धा क, काना, वेलांटी, रफार सगळे सुटे. फॉन्ट असेल तर "आमचे येथे श्रीकृपेकरून", फॉन्ट नसेल तर कंस, टिंबं, डॉलरची चिन्हं आणि मधेच कॅपिटल झेड. म्हणून डिस्कची पहिल्या ब्लॉकपासून शेवटच्या ब्लॉकपर्यंतची कॉपी.

तुमच्याकडे पीसी आणि स्कझी कार्ड नसेल तर आता ब्लूस्कझी नावाचं ओपन सोर्स बोर्ड मिळतं, त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत रास्पबेरी पाय पिको आहे आणि त्यात इनिशिएटर मोड आहे, म्हणजे बोर्ड स्वतःच ड्राइव्ह वाचून एसडी कार्डवर इमेज (पूर्ण डिस्कची एका फाइलमधली कॉपी) बनवतो. ज्याला हे एकदाच करायचंय त्याला मी तेच सुचवेन.

कॉपी झाली, तिच्या तीन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी गेल्या, आणि मग काकांना दिलेला शब्द, ड्राइव्ह मॅकला लावणे.

केसिंगचा पॉवर सप्लाय आधी सिरीज बोर्डवर, म्हणजे १०० वॅटचा बल्ब सिरीजमध्ये लावून. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, भक्क पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे. आउटपुटला एक निकामी सीडी रॉम लोड म्हणून लावला आणि मल्टिमीटरवर ५ आणि १२ दोन्ही बघितले. दोन फुगलेले कॅपॅसिटर बदलले, पंखा बदलला.

केबलसाठी लॅमिंग्टन रोड, मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार. मॅकच्या बाजूला डीबी-२५ (२५ पिनांचा कनेक्टर), ड्राइव्हच्या बाजूला सेंट्रॉनिक्स-५० (५० पिनांचा रुंद कनेक्टर). पहिल्याच दुकानात तो म्हणाला "अरे भाऊ, प्रिंटर केबल ना, ही घ्या." इथे डोळे उघडे ठेवायचे. जुन्या पीसीची पॅरलल प्रिंटरची केबल पण डीबी-२५ आहे, तिचं दुसरं टोक सेंट्रॉनिक्स पण ३६ पिनांचं. मॅकच्या पोर्टमध्ये ती मस्त बसते आणि उपयोग शून्य. मोडेमची सीरियल केबल पण डीबी-२५, आणि सीरियल लाइनवर अधिक-उणे १२ व्होल्ट असू शकतात, ते ५ व्होल्टच्या स्कझी चिपवर गेले तर चिप गेली. मॅक प्लसमध्ये ती चिप एनसीआर ५३८० आहे. पोर्ट ओळखायची खूण म्हणजे वरचं चौकटच्या पत्त्यातलं ते चिन्ह, बाजूला एक रेघ. योग्य केबल शेवटी आतल्या गल्लीत एका स्क्रॅपवाल्याकडे निघाली, एका गठ्ठ्यात गुंतलेली, आणि त्याच गठ्ठ्यात एक टर्मिनेटर पण. घरी येऊन मल्टिमीटरच्या बीपवर प्रत्येक पिन तपासली, स्क्रॅपमधल्या केबलवर विश्वास ठेवायचा नसतो.

टर्मिनेटर म्हणजे काय ते बघा. दोरीचं एक टोक खिळ्याला बांधून दुसऱ्या टोकाला झटका दिला की लाट जाते आणि खिळ्यावर आपटून परत येते, केबलमधल्या सिग्नलचं तेच होतं. परत आलेला सिग्नल पुढच्या सिग्नलमध्ये मिसळला की ड्राइव्हला काय ऐकू येतंय ते कळत नाही. म्हणून टोकाला लाट गिळून टाकणारे रेझिस्टर लावायचे. साध्या टर्मिनेटरमध्ये प्रत्येक सिग्नल लाइनपासून ५ व्होल्टकडे २२० ओहम आणि ग्राउंडकडे ३३० ओहम. अशा १८ लाइन, आठ डेटाच्या, एक पॅरिटीची, नऊ कंट्रोलच्या. गणित केलं तर रिकामी लाइन साधारण ३ व्होल्टवर उभी राहायला हवी, आणि हीच सगळ्यात उपयोगी तपासणी आहे: सगळं चालू करून मल्टिमीटरने एखादी रिकामी लाइन मोजा, ३ च्या आसपास असेल तर टर्मिनेशन जिवंत आहे, शून्य असेल तर टर्मिनेटरला पॉवरच पोचत नाहीये.

आणि मॅक प्लसची गोम नेमकी इथे आहे. जानेवारी १९८६ मध्ये आलेला हा पहिला स्कझीवाला मॅक, पण हा टर्मिनेशनची पॉवर देतच नाही. डीबी-२५ ची २५ नंबरची पिन, जिथे नंतरच्या मॅकमध्ये ती पॉवर असते, ती इथे जोडलेलीच नाही. म्हणजे पॉवर ड्राइव्हकडूनच यायला पाहिजे, ड्राइव्हवर त्यासाठी जंपर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) असतो. तो जंपर काढलेला असेल तर टर्मिनेटर लावूनही नसल्यासारखा, आणि माणूस दिवसभर केबल बदलत बसतो. काकांच्या ड्राइव्हवर जंपर जागेवर होता. मॅकच्या आत पण टर्मिनेटर नाही, त्यामुळे एकच ड्राइव्ह आणि आखूड केबल असेल तर ड्राइव्हच्या टोकाला एक पुरतो, डिव्हाइस वाढले की पहिल्याला एक आणि शेवटच्याला एक, मधल्यांना नाही. ड्राइव्हच्या सर्किट बोर्डवर आधीच रेझिस्टरचे पिवळे किंवा काळे पट्टे खोचलेले असतील तर बाहेरचा लावायचा नाही. एकूण केबल ६ मीटरच्या आत, आणि खरं सांगायचं तर जितकी आखूड तितकी चांगली.

आयडीचं सोपं आहे. बसवर, म्हणजे सगळे डिव्हाइस ज्या एका केबलवर असतात तिच्यावर, आठ नंबर, ० ते ७, मॅक स्वतः ७ घेतो, ड्राइव्हला उरलेल्यातला कुठलाही, फक्त दोघांना एकच नको. केसिंगच्या मागे बटण असतं, नसेल तर आतल्या तीन जंपरवर १, २, ४ ची बेरीज.

चालू करायचा क्रम: ड्राइव्ह आधी, तो पूर्ण वेगात आल्यावर मॅक. प्लस फार वाट बघत नाही, ड्राइव्ह तयार नसेल तर फ्लॉपीचं चित्र आणि त्यात लुकलुकणारं प्रश्नचिन्ह. आणि चालू असताना केबल काढणं-घालणं कधीच नाही, यूएसबीची सवय इथे विसरायची.

प्रश्नचिन्ह आलं, गेलं, आणि हसरा मॅक आला. तारीख १९०४ दाखवत होता कारण बॅटरी मेलेली आणि मॅकचं घड्याळ तिथूनच सुरू होतं. काकांनी माउस धरला, चष्मा वर केला, आणि न विचारता तीन फोल्डर आत जाऊन एक पान उघडलं, एका पत्रिकेचं. पेजमेकरमध्ये (पानं लावायचा प्रोग्रॅम) पान वरून खाली हळूहळू रंगत जातं, आधी चौकट, मग ओळी, मग त्यांच्या नेहमीच्या जागी, खाली मध्यभागी, "कृपया आहेर आणू नये". काकांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. "ह्या रफाराला बघ, जरा डावीकडे घ्यायला लागायचा प्रत्येक वेळी, फॉन्ट करणाऱ्याने जागा चुकवली होती, मी हाताने सरकवायचो." मी झूम करून बघितलं, खरंच सरकवलेला होता, सगळ्या पानांवर, दरवेळी तेवढाच.

ते झाल्यावर ड्राइव्ह बंद केला आणि आता तो परत चालवायचा नाही. मॅकला ब्लूस्कझी लावलंय, एसडी कार्डवर तीच इमेज, फाइलचं नाव एचडी१० ने सुरू करायचं, त्यातला १ म्हणजे आयडी. मॅक ड्रायव्हरसुद्धा डिस्कवरूनच वाचतो आणि तो ड्रायव्हर इमेजमध्ये आलेलाच आहे, त्यामुळे मॅकला काही फरक कळत नाही. फक्त प्लस पॉवर देत नाही म्हणून बोर्डला यूएसबीची वेगळी वायर.

आता राहिलंय ते मजकूर युनिकोडमध्ये आणणं. फॉन्टमधल्या प्रत्येक जागेवर कुठला तुकडा आहे त्याचा तक्ता काका आणि मी मिळून करतोय. नुसती अदलाबदल पुरत नाही, कारण जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची आणि युनिकोडमध्ये ती नंतर, रफाराचं बरोबर उलटं. काना-मात्रा झाल्या, सुटी अक्षरं झाली, द्य, द्ध, ह्म, क्त ही मंडळी बाकी आहेत. आणि बोरिवलीच्या माळ्यावर सायक्वेस्टची ४४ एमबीची कार्ट्रिज (ड्राइव्हमधून काढता येणाऱ्या डिस्क) पण निघालीत, प्रोसेसवाल्याकडे (छपाईच्या फिल्म काढून देणाऱ्याकडे) बाइकवरून पाठवायची ती. त्यांचा चालू ड्राइव्ह शोधतोय, मुंबई-ठाण्यात कोणाकडे असेल तर मी येऊन तुमच्यासमोर कॉपी करून घेईन, कार्ट्रिजं आधी साफ करून आणि सुकवूनच आणीन.